लेकरांना लावून घ्यायला एक ताटी द्या

आळंदी, देहू, पंढरपुरात आणि गावोगावी लहान मुलांसाठी वारकरी शिक्षण संस्था चालवणाऱ्या समस्त महाराज मंडळींना,

रामकृष्णहरी.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. एकोणतीस वर्षं शाळेत मुलांकडून वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र घोटून घेतलं, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवलं. कीर्तन मला येत नाही, टाळ बरा वाजवतो, पायी वारी चारदा केली. एवढ्या भांडवलावर तुम्हाला चार शब्द सुनवावेत असा माझा अधिकार नाही. पण गेली दोन वर्षं दर बुधवारी संध्याकाळी एका संस्थेतल्या मुलांबरोबर कागद आणि खडू घेऊन बसतो आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथल्या महाराजांनी मला आत घेतलं, त्याचा त्यांना त्रास नको. तिथे जे पाहिलं त्यावरून एकच मागणं आहे: थकलेल्या मुलांना आठवड्यातला एक तास चित्रांसाठी मोकळा द्या.

पहिल्या बुधवारची फजिती आधी सांगतो. चौतीस मुलं, नऊ ते पंधरा वर्षांची, सतरंजीवर रांगेत मांडी घालून बसलेली. प्रत्येकापुढे कोरा पांढरा कागद ठेवला आणि मोठ्या उदारपणे म्हटलं, "काढा, मनाला येईल ते काढा." वीस मिनिटं एकाचाही खडू कागदाला टेकला नाही. एकानं सुरेख अक्षरात वरती ॥श्री॥ लिहिलं आणि तो थांबला. दुसरा म्हणाला, "काय काढायचं ते सांगा ना, सर." तिसऱ्यानं विचारलं, "चुकलं तर?" शाळेत इतकी वर्षं मुलांना गप्प बसवण्यात गेलेल्या माणसाला त्या दिवशी ती शांतता सहन होईना.

मग लक्षात आलं की सगळ्यांच्या कपाळावर गोपीचंदनाचा टिळा आहे, वर बुक्का आहे. विचारलं, "हे रोज कोण काढून देतं?" "आमचं आम्हीच." मग म्हटलं, तेच कागदावर काढा. चौतीस टिळे निघाले आणि एकासारखा दुसरा नाही. एकाच्या दोन्ही रेघा डावीकडे झुकलेल्या होत्या. त्याच्या कपाळाकडे पाहिलं तर तिथेही तोच झोक. तो म्हणाला, "आमच्या खोलीतला आरसा फुटकाय सर, एवढंच दिसतं." रोज पहाटे ही मुलं एक चित्र काढतातच, फक्त त्याला चित्र म्हणायचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे एक अभ्यास वाचनात आला. २००५ साली अमेरिकेतल्या एका महाविद्यालयात ८४ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला होता. आधी त्यांच्या मनात थोडी धास्ती निर्माण केली, मग काहींना रंगवायला मंडल, म्हणजे गोलातली नक्षी, दिलं, काहींना चौकटींची नक्षी, काहींना नुसता कोरा कागद. मंडल आणि चौकटी रंगवणाऱ्यांची धास्ती जास्त उतरली, कोऱ्या कागदानं तेवढा गुण दिला नाही. थकलेल्या, धास्तावलेल्या माणसाला "काहीही कर" म्हणणं ही मोकळीक नव्हे, ते आणखी एक ओझं आहे. घरोघरी ठिपक्यांची रांगोळी निघणाऱ्या मुलखात मला हे अमेरिकेकडून कळावं याची जरा लाजच वाटली. तेव्हापासून सुरुवातीला मी ठिपके देतो, किंवा टाळाचा गोल, किंवा वीणेचा भोपळा. पुढचं त्यांचं.

आता मूळ दुखण्याकडे येतो. या मुलांचा दिवस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी एकदा सलग लिहून पाहतो, कारण तुकड्या-तुकड्यांत तो वाईट दिसत नाही. चार-साडेचारला उठणं, थंड पाण्याची आंघोळ, काकडा, गीतेचा किंवा विष्णुसहस्रनामाचा पाठ. मग दप्तर उचलून शाळा, तिथे गणित, विज्ञान, इंग्रजी, घटक चाचणी. परत आलं की हरिपाठ, पावली, मग पखवाजाचा नाहीतर गायनाचा वर्ग, पंगत, भांडी, पाठांतराची उजळणी, आणि शाळेचा गृहपाठ उरलाच तर दिवे जाईपर्यंत. वर सप्ते, दिंड्या, आषाढीचं प्रस्थान, कार्तिकीत माउलींचा संजीवन समाधी सोहळा. दहा-अकरा वर्षांचं पोर एकाच वेळी दोन शाळा शिकतं आणि दोन्हीकडे मागे पडल्याबद्दल बोलणी खातं.

१९१७ साली जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. चार वर्षांचा अभ्यासक्रम, माधुकरी मागून राहायचं, ज्ञानेश्वरी आणि गाथा यांच्यात बुडून जायचं. ती कष्टाची परंपरा आपल्या सगळ्यांच्या आदराची आहे, आणि कष्टाला माझा विरोध नाही. जोग महाराज स्वतः तरुणपणी तालमीत रमलेले. अंग किती रगडायचं आणि कधी आखाड्याबाहेर बसून दम खायचा, हे पैलवानाला सांगावं लागत नाही. पण आज तुमच्याकडे येणारं मूल पैलवान नाही. बीड, परभणी, हिंगोली, बुलढाण्याच्या कोरडवाहू घरांतून ते येतं. कुणाचे आईबाप ऊसतोडीला जातात. पोराला दोन वेळ जेवण मिळेल, वळण लागेल, उद्या चार कीर्तनं मिळाली तर घर वर येईल, ही आशा त्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या खाली ठेवलेली असते. हल्ली तिच्यात मोबाइलची भर पडली आहे. कुठल्यातरी सात वर्षांच्या बालकीर्तनकाराचा व्हिडिओ गावाकडे पोचतो आणि आई फोनवर विचारते, "तू कधी उभा राहणार?"

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी एकाचे गीतेचे नऊ अध्याय पाठ होते. नंतर बारावा म्हणताना तो अडकायला लागला. वीस श्लोकांचा अध्याय, त्याला सहज यायचा. मी काही विचारलं नव्हतं, शाडूचा गोळा वळता वळता तोच म्हणाला, "पुढचं पाठ होतं आणि मागचं जातं, सर. डोक्यात जागाच नाही." आणखी एकाला मी हरिपाठात उभ्या उभ्या झोपलेला पाहिला आहे. डोळे मिटलेले, मान कललेली, हातातला टाळ मात्र एका मात्रेनंही चुकत नव्हता. पाहणाऱ्याला वाटावं की पोराची समाधी लागली.

या अवस्थेला इंग्रजीत एक नाव आहे, बर्नआउट. १९७४ साली फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ते रूढ केलं. त्यानं ही अवस्था प्रथम कुठे पाहिली? न्यू यॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात, सेवाभावानं राबणाऱ्या कार्यकर्त्यांमध्ये. पगारासाठी घड्याळाकडे डोळे लावून बसणाऱ्यांमध्ये नव्हे. ज्यांनी जीव ओतला होता, तेच आतून जळून कोरडे पडत होते. "आमच्याकडे भक्ती आहे, आमच्या मुलांना असलं काही होत नाही," असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. पुढे मास्लाक या बाईंनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या: झोपेनंही न जाणारा शिणवटा, ज्यात जीव रमायचा त्याचाच वीट, आणि आपल्याला काही जमतच नाही ही खात्री. जागतिक आरोग्य संघटना हा शब्द फक्त नोकरी-कामापुरता वापरते, पण अभ्यासकांनी विद्यार्थ्यांमध्येही त्याच खुणा मोजल्या आहेत. संस्थेतल्या भाषेत याला "मन उडालं" म्हणतात, किंवा "मस्ती आली". दुसऱ्या निदानावर छडीचा उपाय होतो, हे आपण दोघेही जाणतो.

तर चित्रांचं काय? कलोपचार हा शब्द १९४२ च्या सुमारास एड्रियन हिल नावाच्या इंग्रज चित्रकारानं पुढे आणला. क्षयानं तो आरोग्यधामात अंथरुणाला खिळला होता, वेळ जाईना म्हणून समोर दिसेल ते काढत बसला, आणि त्यानं आपल्याला बरं वाटतंय हे त्याच्या लक्षात आलं. मग शेजारच्या खाटांवर त्यानं कागद पोचवले. आज ही रीतसर शिकण्याची विद्या आहे, आणि मी ती शिकलेलो नाही, हे स्पष्ट लिहितो. मी करतो तो उपचार नाही, चित्रांचा तास आहे. त्याचा मर्यादित गुण मात्र येतो. २०१६ मध्ये अमेरिकेत ३९ प्रौढांना पंचेचाळीस मिनिटं रंग, माती, कागद देऊन बसवलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. सुमारे पाऊणशे टक्के लोकांमध्ये ते उतरलं होतं, आणि चित्रकलेचा सराव असण्या-नसण्यानं फरक पडला नाही. माणसं मोठी होती, थोडी होती, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेव्हा हा पुरावा म्हणून मी तुमच्यापुढे आपटत नाही. पण ज्या औषधाला वहीभर कागद आणि खडूचा डबा लागतो, ते करून पाहायला किती पुरावा हवा?

तुमच्यापैकी एका ज्येष्ठ महाराजांनी मला विचारलं होतं, "मास्तर, आमच्या पोरांकडे पखवाज आहे, गाणं आहे, टाळ आहे. त्याहून मोठी कला कोणती?" प्रश्न खरा आहे. अभंग म्हणताना पोरं फुलतात हे मीही पाहिलं आहे. पण महाराज, पखवाजावर मात्रा चुकली की मास्तरांची नजर वळते. गाण्यात सूर लागला नाही की शेजारचा हसतो. वर्षाअखेरीस तेच गावच्या सप्त्यात उभं राहून दाखवायचं असतं. ती साधना आहे, आणि साधनेत चूक-बरोबर असणारच. मी मागतो आहे ती गोष्ट वेगळी आहे. आठवड्यात एक तास असा, ज्यात काही पाठ करायचं नाही, काही दाखवायचं नाही, कुणी शाबासकी द्यायची नाही आणि कुणी रागवायचं नाही.

यासाठी साक्ष बाहेरून आणायला नको, कीर्तनात तुम्ही शेकडो वेळा सांगितलेली कथा आहे. लोकांच्या बोलण्यानं ज्ञानदेव दुखावले, झोपडीत शिरले आणि ताटी, म्हणजे झोपडीचं दार, लावून घेतली. मग मुक्ताई बाहेर उभी राहून विनवू लागली. कीर्तनात आपण मुक्ताईच्या उपदेशावर थांबतो, आणि थांबावंच, चिमुरडीच्या तोंडचं ते बोलणं आहेच तसं. पण चित्रं काढणाऱ्याची नजर वस्तूवर जाते, म्हणून मला ताटी दिसते. माउलींना लावून घ्यायला ताटी होती. रुसता आलं, आत बसता आलं, आणि बाहेरून कुणी लाथ मारून दार उघडलं नाही. तुमच्या दालनात चाळीस वळकट्या एकमेकींना लागून पसरतात. पेटीला कुलूप असलं तर किल्ली मोठ्या मुलाकडे. फोन महाराजांच्या समोर स्पीकरवर. त्या पोरानं रुसावं कुठे?

त्याच्या गुडघ्यांवरचा कागद ही त्याची ताटी होते. हे मी आधी ठरवून गेलो नव्हतो, मुलांनी मला शिकवलं. काही महिन्यांनी बऱ्याच जणांनी डाव्या हाताचा आडोसा करून चित्र काढायला सुरुवात केली. शाळेत असतो तर "हात काढ" म्हणून ओरडलो असतो. इथे मी पाठ फिरवून बसतो. तासाच्या शेवटी प्रत्येकानं आपला कागद ठेवावा, फाडावा, किंवा माझ्या पिशवीत घालावा. पिशवीतले मी कुणाला दाखवत नाही. दगडी पाट्याही आणून ठेवल्या आहेत, त्यांना मागणी जास्त. पुसता येतात ना.

एका बुधवारी चांगदेवांना भेटायला निघालेल्या भिंतीचा विषय निघाला. बहुतेकांनी वाघ काढला, त्यावर चांगदेव, त्यांच्या हातात सापाचा चाबूक, भिंतीवर ज्ञानदेव आणि चौघं भावंडं मिळून बसलेली. अकरा वर्षांच्या एकानं फक्त भिंत काढली. एकेक दगड, मधली माती, खाली गवत, अतिशय मन लावून. वर कुणी नाही. "ही मंडळी कुठेत?" मी विचारून गेलो. तो म्हणाला, "उतरून घरी गेली." मी पुढे काही विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही. इंद्रायणीवरचा पांढरा फेस एकानं गुलाबी रंगवला आणि शेजारी लिहिलं, 'बुढ्ढी के बाल'. सगळी खदखदून हसली, तोही हसला.

इथे एक इशारा. चित्र पाहून मुलाची कुंडली मांडू नका. मध्यंतरी एक हौशी गृहस्थ संस्थेत आले, काळ्याकुट्ट रंगवलेलं एक पान हातात घेऊन गंभीरपणे म्हणाले, "हे मूल फार उदास आहे." मुलगा म्हणाला, "बाकीचे खडू संपले होते." काळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, हे जत्रेतल्या पोपटाचं ज्योतिष आहे. आणि उलट बाजूनं, एखादं मूल चित्रातून किंवा चित्र काढता काढता कुणी मारल्याचं, अंगाला हात लावल्याचं, जगावंसं वाटत नसल्याचं सांगत असेल, तर ते कोडं सोडवत बसायचं नाही. त्याच दिवशी जाणत्या डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे न्यायचं. मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा १४४१६, हे दोन क्रमांक भिंतीवर पसायदानाच्या शेजारी लिहा, मुलांच्या उंचीला.

गेल्या काही वर्षांत आळंदीतल्या काही खासगी संस्थांत मुलांवर अत्याचार झाल्याचं जे छापून आलं, त्यानं आपल्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या. म्हणून हे अप्रिय वाक्य लिहितो: चित्रांचा तास हे पांघरूण होता कामा नये. पोराला पाच तास झोप, त्यात छडी, आणि बुधवारी रंगीत खडू, असा हिशेब असेल तर मला बोलावू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था, वेदपाठशाळा आणि मदरसे शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेर आहेत, तेव्हा त्यातलं शारीरिक शिक्षेवरचं बंधन आपल्याला लागू नाही असं काही जण मला सांगतात. पण २०१५ चा बाल न्याय कायदा आहेच, ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणं त्याच्या ७५ व्या कलमाखाली गुन्हा आहे. वकिली इथेच पुरे.

झोपेबद्दल मात्र थोडं थांबतो, कारण "वेळ कुठून काढायचा?" हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. गीतेच्या सहाव्या अध्यायाचा सतरावा श्लोक तुमच्याकडचं दहा वर्षांचं पोरही धडाधडा म्हणतं. युक्त आहार, युक्त विहार, आणि पुढे 'युक्तस्वप्नावबोधस्य', झोपणं आणि जागणं दोन्ही बेतात. ज्याला हा श्लोक पाठ करायला पहाटे चारला उठवलं, तो रात्री अकराला निजला होता. अर्थ सांगायची वेळ आली की काय सांगता? मी काकडा बंद करा म्हणत नाही. रात्रीची उजळणी अर्ध्यावर आणा, आठवड्यातला एक हरिपाठ संपल्यावरचा तास मोकळा ठेवा, आणि घटक चाचणीच्या आठवड्यात नवी संथा, म्हणजे पाठांतराचा नवा धडा, देऊ नका. शाळेचं वेळापत्रक जूनमध्येच हातात येतं. शाळेचे मुख्याध्यापक आणि तुम्ही एकदा चहाला बसलात तरी निम्मा गुंता सुटेल. माझ्या माहितीत असं कुणी बसलेलं नाही.

शिकवायला माणूस कुठून आणायचा, तर माझ्यासारखे निवृत्त कलाशिक्षक तालुक्या-तालुक्यात रिकामे आहेत. मोठ्या दवाखान्यातला मानसोपचारतज्ज्ञ तीन महिन्यांतून एकदा येऊन मुलांशी बोलला तर आम्हालाही आधार. खर्च म्हणाल तर पाठकोऱ्या कागदांना काही पडत नाही, शाडू कुंभार देतो, गेरू आणि रांगोळी तुमच्याकडे असतेच. तेवढी एक विनंती की स्पर्धा ठेवू नका. 'उत्कृष्ट चित्र' म्हणून एक लावलंत की उरलेले तेहेतीस आडोशाचा हात काढतील आणि त्या एकाची नक्कल करतील. देणगीदार आले की चित्रं मांडूही नका. आणि देवाचंच चित्र काढायचा आग्रह नको. काढतात ती आपणहून, विठोबा त्यांचा लाडका आहे, कारण त्याचे हात कमरेवर असल्यामुळे बोटं काढावी लागत नाहीत.

बारावा अध्याय अडकणाऱ्या मुलाचं काय झालं, हे विचाराल. चित्रं काढून त्याला अध्याय आठवले असं लिहायला मला आवडलं असतं. आठवले नाहीत. महाराजांनी त्याची संथा दोन महिने थांबवली, रात्री लवकर निजू दिलं, तेव्हा हळूहळू मागचं परत आलं. बुधवारी त्यानं केलं ते एवढंच की शाडूचे बैल केले, एकावर एक, अकरा बैल. घरी एकच होता, तोही विकला, हे शेवटच्या बैलाच्या वेळी सांगितलं. महाराजांनी संथा थांबवली ती त्या संध्याकाळनंतर.

ज्या संस्थेला वाटेल तिनं बोलवावं. बुधवार सोडून कुठलाही वार चालेल, एकादशीही चालेल. दारातला नळ तेवढा चालू असू द्या. मागच्या खेपेला पाणी नव्हतं आणि चौतीस पोरं मातीच्या हातांनीच हरिपाठाला उभी राहिली. टाळांवर अजून शाडूचे ठसे आहेत, आणि ते घासायचं काम महाराजांनी मला दिलंय.

आपला,
एक निवृत्त चित्रकला मास्तर